वळते, ओढत नाही

रविवारी आमच्याकडं परत तोच वाद झाला. अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, दारातल्या पायरीवर बिडी ओढत बसला होता आणि मोबाईलवर आलेला मेसेज मला मोठ्यानं वाचून दाखवत होता. शहरातल्या हवेत नुसता श्वास घेतला तरी दिवसाला इतक्या सिगारेटी ओढल्यासारखं होतं, असा काहीतरी. वाचून झाल्यावर म्हणाला, "बघ की. कॅन्सर हवेतच हाय. मग माझ्या बिडीनं काय घोडं मारलंय?"

एवढं बोलेपर्यंत त्याची बिडी विझली. त्यानं परत पेटवली. मी उत्तर द्यायच्या आत परत विझली.

बिडीचं हे असंच असतं. तेंदूच्या पानातून सिगारेटच्या कागदासारखी हवा खेळत नाही, म्हणून ती सारखी ओढावी लागते, नाहीतर विझते. तंबाखू सिगारेटपेक्षा कमी, पण झुरके जास्त आणि खोल. बिडीच्या धुरातून निकोटीन, टार आणि कार्बन मोनॉक्साइड सिगारेटपेक्षा कमी नाही, जास्तच मिळतं. "पानाची हाय, गावठी हाय, हिला काय होतंय" हे सोलापूरच्या आमच्या पूर्व भागात लहानपणापासून ऐकत आले. पानाची आहे म्हणून तर वाईट.

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब बघते, त्यामुळं वादात पहिल्यांदा आकडे काढायची सवय. तो सिगारेटींचा हिशेब खोटा नाही. बर्कले अर्थ नावाच्या अमेरिकन संस्थेनं २०१५ मध्ये ढोबळमानानं मांडलेला आहे: हवेत दर घनमीटरला २२ मायक्रोग्रॅम पीएम २.५, म्हणजे अगदी बारीक कण, असले तर दिवसभर ती हवा घेणं म्हणजे साधारण एक सिगारेट. पण तो एकूण मृत्यूंवरून काढलाय, हृदयविकार वगैरे सगळं धरून. फुप्फुसाच्या कॅन्सरला तो जसाच्या तसा लावता येत नाही. तरी अण्णाच्या समाधानासाठी लावू. आपल्या देशात या कणांची वर्षाची सरासरी मर्यादा ४० आहे. म्हणजे सरकारी नियमात बसणारी हवा घेतली तरी रोजच्या जवळजवळ दोन सिगारेटी. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२१ मध्ये ही मर्यादा ५ वर आणली, ती गोष्ट वेगळी.

तर अण्णाच्या खात्यावर हवेच्या दोन. आणि त्याच्या स्वतःच्या? रोज एक बंडल संपतं, दुसरं फोडलेलं असतं. या दोन बाजू एका ओळीत लिहून "बरोबर" म्हणणारा कारकून मी तरी ठेवणार नाही.

आणि हा वाद काही मोबाईलनं जन्माला घातलेला नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर झपाट्यानं वाढला, तेव्हा पहिला संशय हवेवरच होता. रिचर्ड डॉल या डॉक्टरला वाटायचं, मोटारींचा धूर नाहीतर रस्त्यांवरचं डांबर. त्यानं आणि संख्याशास्त्रज्ञ ब्रॅडफर्ड हिल यांनी लंडनच्या दवाखान्यांत रुग्णांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. १९५० मध्ये निष्कर्ष छापून आले. फुप्फुसाचा कॅन्सर झालेल्या ६४९ पुरुषांमध्ये कधीच न ओढणारे निघाले २. दुसऱ्या आजारांच्या तेवढ्याच पुरुषांमध्ये २७. हवा सगळ्यांची तीच, लंडनची, कोळशाच्या धुरानं भरलेली. डॉलनं अभ्यास संपायच्या आधीच स्वतःची सिगारेट सोडली. हवेवर संशय घेऊन निघालेल्या माणसानं! अण्णाला हे सांगितलं तर म्हणाला, "तो डॉक्टर होता, त्याला परवडतंय."

आता अम्माबद्दल, म्हणजे आमच्या आईबद्दल.

अम्मानं पस्तीस वर्षं बिड्या वळल्या. रात्री पानं भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायची, सकाळी पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मग मांडीवर सूप घेऊन बसायची. चिमूटभर तंबाखू, वळण, दोरा, टोक दुमडलं की पुढची. दिवसाला सातशे धरल्या आणि वर्षाचे तीनशे दिवस, तर सत्तर लाखांच्या वर जातात. आमची खोली एकच होती. तंबाखूची टोपली उशाशी, त्याच खोलीत भुश्याची शेगडी, त्याच खोलीत आम्ही चौघं. माझ्या शाळेच्या वह्यांना तंबाखूचा वास यायचा आणि तो वास आहे हे मला सातवीत मैत्रिणीनं सांगितल्यावर कळलं.

दोन वर्षांपूर्वी अम्माचा दम वाढला म्हणून दाखवायला नेलं. डॉक्टर तरुण होते, फिल्म बघत विचारलं, "आजी, बिडी ओढता का?"

अम्मा म्हणाली, "वळते. ओढत नाही."

त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मी वाकून बघितलं, 'धूम्रपान' या शब्दापुढं प्रश्नचिन्ह होतं. जन्मात एक झुरका न घेतलेल्या बाईला प्रश्नचिन्ह! कॅन्सर निघाला नाही, श्वासनळ्या आकसल्यात म्हणाले, धुळीनं आणि धुरानं. फवारा चालू आहे. पण ते प्रश्नचिन्ह माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. फुप्फुसाचं काही निघालं की समोरचा पहिल्यांदा तुमच्या बोटांकडं बघतो. न ओढणाऱ्यांनाही हा कॅन्सर होतो, बायकांना होतो. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या जागतिक संस्थेनं, आयएआरसीनं, २०१२ मध्ये डिझेलचा धूर आणि २०१३ मध्ये बाहेरची प्रदूषित हवा माणसाला कॅन्सर करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्याच गटात टाकली. तंबाखूचा धूर तिथं आधीपासूनच बसलाय.

एकाच गटात म्हणजे सारखाच धोका, असं मात्र नाही. तो गट पुरावा किती पक्का ते सांगतो, धोका किती मोठा ते नाही. धूम्रपानानं फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका पंधरा ते तीसपट होतो. हवेनं वाढतो तो त्यामानानं फार कमी, पण ती हवा घेणारे सगळेच असतात, तान्ही पोरंसुद्धा. काम करायची रीतही निराळी दिसते. तंबाखूचा धूर पेशीच्या डीएनएवरच घाव घालतो. लंडनच्या चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटानं २०२३ मध्ये दाखवलं, की बारीक कण फुप्फुसात दाह निर्माण करतात आणि वयानुसार आपोआप बिघडलेल्या, गप पडून राहिलेल्या पेशींना जागं करतात. आता अण्णानं सांगावं, घाव घालणारा आणि जागं करणारा दोघं एकाच छातीत घेतल्यावर कुणाचं नाव पुढं करणार?

म्हणून माझं म्हणणं एवढंच. हवेची तक्रार अम्मानं करावी. वदिनानं, म्हणजे अण्णाच्या बायकोनं करावी, अक्कलकोट रोडवरच्या ट्रकमागं स्कूटीवरून शाळेत जाणाऱ्या पोरींनी करावी. त्यांचा तो हक्क आहे आणि त्यांच्याजवळ दुसरा इलाज नाही. अण्णा ती तक्रार उसनी घेतो, आणि घेऊन करत काहीच नाही. केंद्राच्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत सोलापूर आहे, हे त्याला मीच सांगितलं. यादीत असलेल्या शहरातला माणूस चिंध्यांचा ढीग पेटलेला बघून नाकाला रुमाल लावतो आणि रुमालाआड बिडी पेटवतो. (हे मी डोळ्यांनी बघितलंय.)

आणि तंबाखूचा मावा खाणाऱ्यांनी तर हा मेसेज पुढं ढकलूच नये. २०१६-१७ च्या पाहणीत आपल्या राज्यात ओढणारे ४ टक्क्यांच्या आसपास होते, तंबाखू चघळणारे २४ टक्क्यांच्या वर. गालात दाबून ठेवलेल्या गोळीत ट्रकचा धूर कुठून आला?

बिडी बंद झाली तर अम्मासारख्या हजारो बायकांचं काय, हे मला विचारू नका असं नाही, विचारा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेनं बिडीवरचा कर २८ वरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, तेव्हा गल्लीत आनंद झाला, मलाही झाला. शेजारच्या आक्काचं घर त्यावर चालतं. आणि अण्णाचं बंडल महाग व्हावं असंही मला वाटतं. दोन्ही एकाच वेळी वाटतं, त्याला मी काय करू?

सोडल्यावर दहा-पंधरा वर्षांत हा धोका निम्म्यावर येतो, हेही त्याला सांगून झालं. त्यानं बोटांवर मोजलं, चौपन्न अधिक दहा, आणि म्हणाला, "तवर तुझे ते ट्रक बंद होतील का?"

नाही होणार, म्हटलं.

"मग," म्हणाला, आणि काडी ओढली. अम्मा आतून ओरडली, तेलुगूत, ते इथं लिहीत नाही. त्यानं पेटलेली काडी फुंकून टाकली, बिडी कानावर ठेवली. संध्याकाळी बघितलं तर कानावर नव्हती.