'टाकून बघू मालक' म्हणणाऱ्यांचा वैताग आलाय

सोलापुरात गाडी घेऊन कुठल्याबी गॅरेजात जा, बोनेट उघडायच्या आधीच ऐकू येतं, 'कॉईल टाकून बघू मालक'. कॉईल म्हणजे प्लगला ठिणगीसाठी करंट देणारा पार्ट. अरे टाकून काय बघतो बे, आधी मोजून बघ की!

माझ्या गाडीचा रोग असा, की ऊन तापलं, पारा त्रेचाळीसच्या वर गेला, की विजापूर रोडच्या ट्राफिकमध्ये चालता चालता गप्प बंद. सेल्फ गरगर फिरतो पण इंजिन पकडतच नाही, मागनं रिक्षावाले हॉर्न मारून डोकं खातात, आणि सावलीत ढकलून जरा थंड होऊ दिली की एका सेल्फला चालू. गॅरेजात नेली की पाहुण्यांसमोरच्या पोरासारखी शहाणी! मग मेकॅनिक गाडीच्या कॉम्प्युटरला फॉल्ट वाचायचा स्कॅनर लावून म्हणतो, 'स्कॅनर क्लीन दाखवतोय मालक'. दाखवणारच ना, असा येऊन जाऊन फॉल्ट असला की कित्येकदा फॉल्टचा कोड सेव्हच होत नाही, आणि झालाच तर आधीच्या मेकॅनिकनं पुसलेला असतो.

आतापर्यंत प्लग झाले, कॉईल झाली, मेन रिले झाला, बिलं माझी. गरम झाल्यावर बंद आणि थंड झाल्यावर चालू म्हटलं की पहिला संशय क्रँक सेन्सरवर, म्हणजे इंजिन कसं फिरतंय ते सांगणाऱ्या सेन्सरवर, जायला पाहिजे ना? तापल्यावर त्याच्या आतली वायर तुटक होते, सिग्नल गेला की ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, पिस्टन कुठंय तेच कळत नाही, मग ना स्पार्क ना पेट्रोल. बंद पडल्या जागी स्कॅनर लावून सेल्फ मारायचा, आरपीएम शून्यच दाखवला तर सेन्सर नाहीतर त्याची वायरिंग, एवढं सोपं. नाहीतर हेअर ड्रायरनं सेन्सर तापवून बघ. चालू गाडीचे कपलर, म्हणजे वायरींचे जोड, हलवून बघ, कुठं गचके देते ते कळतं. सेल्फ मारताना बॅटरीच्या मायनस आणि इंजिन ब्लॉकमध्ये मीटर धर, अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थिंगची बोंब. मीटर काय लाखाचा येतो काय? पण नाही, मीटर कपाटात आणि पार्टच्या दुकानाला फोन आधी.

आणि ती जुनी कॉईल, जी चांगली होती हे आता सिद्ध झालंय, ती परत मागितली तर म्हणतो, 'भंगारात गेली की मालक'.