टर्बो गाडीला इनटेक लावला की 30 एचपी वाढते म्हणे! त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

हा मेसेज बरेच दिवस या ग्रुपमधून त्या ग्रुपमध्ये फिरतोय, आता माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याच्याकडे टर्बो पेट्रोल स्पोर्ट्स कार आहे, पूर्ण स्टॉक, म्हणजे कंपनीतून आली तशीच, आणि मेसेजखाली त्याने एवढंच लिहिलेलं, "मामा, ऑर्डर करतोय, काही प्रॉब्लेम नाही ना?" आहे प्रॉब्लेम. त्याला फोनवर सांगितलं, पण हे इतक्या जणांकडे गेलंय की म्हटलं नीट लिहूनच टाकू.

मेसेज थोडक्यात असा: "कंपनीचा एअरबॉक्स म्हणजे टर्बो इंजिनचा दाबलेला गळा. तो फेका आणि ओपन कोन फिल्टरवाला कोल्ड एअर इंटेक लावा. 1) लगेच 25 ते 30 एचपी. 2) टर्बो लॅग गायब. 3) इंजिनला थंड हवा. 4) मायलेज वाढतं. 5) ट्यून लागत नाही, ईसीयू स्वतः शिकतो. 6) फिल्टर आयुष्यभर चालतो." खाली एक डायनोचा, म्हणजे पॉवर मोजायच्या मशीनचा, ग्राफ चिकटवलाय. नवख्यांसाठी: इनटेक म्हणजे इंजिनला हवा नेणारा फिल्टर आणि पाइप, एअरबॉक्स म्हणजे कंपनीचा फिल्टरचा डबा, टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा, लॅग म्हणजे तो वेगात यायला लागणारा वेळ, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर आणि ट्यून म्हणजे त्याची सेटिंग बदलणं.

पाचव्या मुद्द्यापासून सुरू करतो, कारण बाकीच्यांमुळे बहुतेक पैसेच वाया जातील, याच्यामुळे इंजिन जाऊ शकतं.

बऱ्याच टर्बो पेट्रोल गाड्यांत एअरबॉक्सच्या पुढच्या पाइपमध्ये मॅफ सेन्सर असतो, किती हवा आत जातेय ते सांगणारा. आता हा सेन्सर सगळी हवा मोजत नाही, त्याच्यात एक छोटीशी गरम तार किंवा फिल्म असते, वरून जाणारी हवा तिला किती गार करते ते बघायचं आणि पाइप अमुक व्यासाचा आहे हे धरून एकूण हवेचा हिशोब करायचा, एवढंच त्याचं काम. तो व्यास ईसीयूच्या टेबलात पक्का बसलेला असतो. तुम्ही 70 मिलिमीटरच्या जागी 75 चा पाइप लावला की डोळ्याला फरक दिसतसुद्धा नाही, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गात वाढतं, म्हणजे जवळपास 15 टक्के जास्त. तेवढीच हवा आता सेन्सरवरून हळू जाते, सेन्सर खऱ्या हवेच्या साधारण 87 टक्केच सांगतो आणि ईसीयू बिचारा त्या 87 टक्क्यांच्याच हिशोबाने पेट्रोल टाकतो. सेन्सर एखाद्या वळणाच्या लगेच पुढे बसवलेला असला, आतली जाळी काढलेली असली, तर हवा सरळ न जाता घुसळत जाते आणि रीडिंग वर-खाली होत राहतं ते वेगळंच.

"ईसीयू शिकतो" हे अर्धं खरं आहे, मान्य. क्रूझिंगला ऑक्सिजन सेन्सरकडे बघून तो फ्युएल ट्रिम, म्हणजे पेट्रोलची दुरुस्ती, वाढवतो आणि मिश्रण जागेवर आणतो. फारच वाढवावा लागला तर पी0171 (मिश्रणात पेट्रोल कमी) कोड टाकून चेक इंजिन लाइट लावतो. पण फुल थ्रॉटलला काय? काही गाड्यांत ती शिकलेली दुरुस्ती तिथेही लागू होते, काहींत होत नाही, मिश्रणाचं नेमकं प्रमाण मोजणाऱ्या नव्या वाइडबँड सेन्सरवाल्या गाड्या तिथेही मिश्रण बऱ्यापैकी सांभाळतात. पण मिश्रण सांभाळलं म्हणजे झालं असं नाही ना! मॅफवर चालणाऱ्या ईसीयूमध्ये इग्निशन टायमिंग, म्हणजे ठिणगी कधी टाकायची ते, ठरतं लोडवरून (इंजिनवर किती भार आहे त्यावरून), आणि लोड काढला जातो त्याच चुकीच्या हवेवरून. इंजिनवर खरा लोड आहे शंभर, ईसीयूला दिसतोय 87, मग तो हलक्या लोडचं टायमिंग देतो, म्हणजे ठिणगी असायला हवी त्याच्या आधी. टर्बो इंजिनात, फुल बूस्टला (बूस्ट म्हणजे टर्बोने वाढवलेला दाब), गरम हवेत ठिणगी लवकर पडली की नॉक, म्हणजे उरलेलं मिश्रण आपोआप भडकून पिस्टनला धक्के बसतात. नॉक सेन्सर आहे की, असं म्हणणारे भेटतात, पण तो नॉक झाल्यावर ऐकतो, व्हायच्या आधी नाही. पिस्टनच्या रिंगांमधली जी पातळ कड असते ती अशा धक्क्यांनीच तुटते.

आणि आता बघा, त्या 30 एचपीचं काय असतं. टर्बो इंजिनला फुल लोडला मुद्दाम जास्त पेट्रोल देतात, पूर्ण जळायला हवा-पेट्रोलचं 14.7 ला 1 हे प्रमाण पुरतं पण तिथे 11.5 च्या आसपास ठेवतात, जेणेकरून आतलं तापमान काबूत राहावं आणि नॉक होऊ नये. मॅफ 13 टक्के कमी वाचायला लागला आणि कोणी दुरुस्त केलं नाही की तेच 11.5 होतं 13.2. पेट्रोल इंजिन सगळ्यात जास्त जोर देतं तेही साधारण साडेबारा ते तेराच्या आसपास. वर ठिणगीही लवकर पडायला लागली. डायनोवर आकडा वाढलेला दिसणारच! पण तो फिल्टरने दिलेला नाही, कंपनीने इंजिन वाचवायला जी जागा सोडली होती ती खाऊन मिळवलाय. याचा सगळ्यात जास्त राग येतो मला, कारण "ट्यूनशिवाय इतकी पॉवर" हे जे कौतुकाने सांगतात तेच खरं तर धोक्याचं लक्षण आहे आणि वाचणारा पोरगा ते फायदा म्हणून वाचतो.

ज्या गाड्या मॅफशिवाय, फक्त मॅप सेन्सरवर म्हणजे सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमधल्या दाबावर चालतात त्यांना हा विशिष्ट धोका नाही. मॅफच्या जागेचा व्यास अगदी स्टॉकइतकाच ठेवलेले किटही मिळतात, त्यांनाही हे इतकं लागू नाही. पण मेसेजमध्ये असला काही फरक केलाय का? सरसकट सगळ्यांना सांगितलंय, ट्यून लागत नाही.

आता तिसरा मुद्दा, थंड हवा. नाव कोल्ड एअर इंटेक आणि फोटोत फिल्टर कुठे आहे तर बॉनेटच्या आत, एक्झॉस्टच्या आणि टर्बोच्या शेजारी, उघडा! कंपनीचा तो कुरूप काळा प्लॅस्टिकचा डबा ग्रिलमधून किंवा हेडलाइटच्या मागून बाहेरची हवा घेतो आणि इंजिनच्या उष्णतेपासून झाकून ठेवतो, म्हणजे खरा कोल्ड एअर इंटेक तोच. तो काढून उघडा कोन लावला की ट्रॅफिकमध्ये थोडा वेळ उभं राहिलं तरी गरम हवा आत जायला लागते.

टर्बोमध्ये हे जास्त लागतं कारण टर्बो हवा नुसती दाबत नाही, तापवतो. हिशोब करून बघू. बाहेरची हवा 25 अंश, कॉम्प्रेसर (टर्बोचा हवा दाबणारा भाग) दाब दुप्पट करतोय, म्हणजे साधारण 1 बार बूस्ट, आणि त्याची कार्यक्षमता 72 टक्के धरली तर बाहेर पडणारी हवा होते जवळपास 115 अंश. तेच आत जाणारी हवा 55 अंश असेल तर बाहेर पडते 155 च्या आसपास. आत 30 अंशांचा फरक, बाहेर 40 अंशांचा. यातलं बरंच इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारा रेडिएटर) खाली आणतो हे खरं, पण सगळं नाही, आणि तो स्वतः तापला की आणखी कमी. मग ईसीयू इनटेक तापमान बघून टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा टाकतो, आणि पॉवर जाते. चालत्या गाडीत, मोकळ्या रस्त्यावर फरक कमी पडतो हेही सांगतो, बॉनेटखाली हवा खेळती असते तेव्हा.

पहिला मुद्दा, दाबलेला गळा. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात इनटेकची अडचण कमी केली तर थोडा फायदा थेट मिळतो कारण ते इंजिन वातावरणाच्या दाबावरच श्वास घेतं. टर्बोमध्ये दाब किती हवा ते ईसीयू ठरवतो. टारगेट गाठलं की वेस्टगेट उघडून जास्तीचा एक्झॉस्ट बाजूने सोडून देतो. तुम्ही इनटेक मोकळा केला तर ईसीयू वेस्टगेट किंचित जास्त उघडतो, बूस्ट तेवढाच राहतो. फायदा काय, तर टर्बोला थोडं कमी राबावं लागतं. किती कमी? समजा स्टॉक एअरबॉक्समुळे फुल फ्लोला 3 किलोपास्कल दाब कमी होतो आणि नव्या इंटेकने तो 1 वर आला, चांगलाच सुधारला असं धरू. मग 200 किलोपास्कलला पोचायला आधी 2.04 पट दाबावं लागत होतं, आता 2 पट. वरच्याच हिशोबाने कॉम्प्रेसरमधून बाहेर पडणारी हवा 3 अंशांनी गार होते. तीन! आणि उघड्या कोनने गरम हवा घेतली तर 40 अंशांनी गरम होते. कोणी तरी हा हिशोब करून मग फॉरवर्ड करायचा ना.

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. ज्यांनी मोठा टर्बो बसवलाय, ट्यून केलाय, आणि वरच्या आरपीएमला वेस्टगेट पूर्ण बंद असूनही बूस्ट टारगेटला पोचत नाही, तिथे टर्बो त्याच्या टोकाला आलेला असतो आणि इनटेकमधला प्रत्येक किलोपास्कल कामाला येतो. त्यांच्यासाठी झाकणबंद डब्यातला, बाहेरून हवा घेणारा मोठा इनटेक आणि त्यानुसार पुन्हा केलेला ट्यून हे बरोबरच आहे. पण त्यांचा अनुभव उचलून स्टॉक गाडीवाल्याला विकायचा हे काही खरं नाही.

लॅग. हा पटकन संपवतो. दाबातली घट फ्लोच्या वर्गात वाढते, फ्लो निम्मा असला तर घट पावपट. लॅग असतो खालच्या आरपीएमला, जिथे फ्लो मुळातच कमी, तिथे 3 चे होतात पाऊण किलोपास्कल. एवढ्याने टर्बो लवकर स्पूल झालेला, म्हणजे वेगात आलेला, जाणवत नाही. जाणवतो तो आवाज. स्टॉक पाइपवरचे आवाज दाबणारे रेझोनेटर काढले की टर्बोची शिट्टी आणि थ्रॉटल सोडल्यावरचा फुस्स आवाज स्पष्ट ऐकू येतो, गाडी जोरात पळतेय असं वाटतं. आवाज आवडतो म्हणून लावणाऱ्याशी माझं काही भांडण नाही, मलाही आवडतो.

मायलेजबद्दल एकच पण भक्कम गोष्ट आहे. ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने अमेरिकेच्या ऊर्जा खात्यासाठी 2009 मध्ये एअर फिल्टरवर अभ्यास केला, फिल्टर मुद्दाम चोंदवून गाड्या तपासल्या. आधुनिक फ्युएल इंजेक्शन गाड्यांमध्ये चोंदलेल्या फिल्टरने मायलेजवर लक्षात येण्यासारखा परिणाम झाला नाही, कारण ईसीयू हवेइतकंच पेट्रोल टाकतो. मायलेजमधला फरक दिसला तो जुन्या कार्ब्युरेटरवाल्या गाडीत. स्वच्छ फिल्टरने पिकअप मात्र सुधारला, हेही त्यांनीच लिहिलंय आणि ते मी लपवत नाही. त्या गाड्या टर्बो नव्हत्या, पण विचार करा, चोंदलेल्या फिल्टरवरून स्वच्छ फिल्टरवर येऊन मायलेज हलत नसेल तर स्वच्छ स्टॉक फिल्टरवरून महागड्या कोनवर जाऊन काय हलणार? फिल्टर जुना असेल तर नवा स्टॉक फिल्टर टाका, पिकअपचा खरा फायदा तिथेच आहे.

आयुष्यभर चालणारा फिल्टर: धुता येतो हे खरं, पण तो सुकवून पुन्हा बेताचं तेल लावावं लागतं. तेल जास्त झालं तर मॅफच्या तारेवर जाऊन बसू शकतं, कमी झालं तर धूळ आत जाते. लाखाच्या वर आरपीएमने फिरणाऱ्या कॉम्प्रेसर व्हीलवर ती धूळ आदळते, मग सिलिंडरमध्ये जाऊन रिंगा घासते. फिल्टर किती धूळ अडवतो हे मोजायला आयएसओ 5011 नावाची चाचणी आहे, त्यात धूळ अडवणं, हवेला होणारी अडचण आणि किती धूळ साठते हे तिन्ही बघतात. विकणारा फक्त "जास्त फ्लो" सांगत असेल तर त्याला बाकीचे दोन आकडे विचारा.

राहिला ग्राफ. बॉनेट उघडं होतं की बंद? उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावला तर उघड्या कोनलाही थंड हवा मिळते, रस्त्यावर ती मिळत नाही. आधीच्या आणि नंतरच्या रनला इंटरकूलर सारखाच तापलेला होता का, ट्यून तोच होता का, एअर-फ्युएलची रेघ ग्राफवर आहे का? या ग्राफवर नाहीये, आणि तीच तर बघायची असते.

भाच्याला मी सांगितलंय की ऑर्डर करायच्या आधी ओबीडीवर (गाडीच्या डायग्नोस्टिक पोर्टवर) एक लॉग, म्हणजे आकड्यांची नोंद, काढ, मोकळ्या सुरक्षित जागी किंवा सरळ डायनोवर, तिसऱ्या गिअरमध्ये एक पूर्ण पुल, म्हणजे फुल थ्रॉटलने खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत. बूस्ट टारगेट आणि खरा बूस्ट, वेस्टगेट किती बंद आहे, इनटेक तापमान, फ्युएल ट्रिम आणि नॉकमुळे मागे घेतलेलं टायमिंग, एवढ्या रेघा पुरेत. बूस्ट टारगेटला पोचतोय आणि वेस्टगेट अजून उघडा आहे म्हणजे इनटेक आड येत नाहीये. पुल चालू असताना इनटेक तापमान भराभर चढत असेल तर पैसे इंटरकूलरवर घाल. आणि तरी इनटेक लावायचाच असेल तर बंद डब्यातला घे, मॅफच्या जागेचा व्यास स्टॉकइतकाच आहे का ते कॅलिपरने मोज, आणि लावल्यावर हाच लॉग पुन्हा काढ. ट्रिम पाच-सहा टक्क्यांपेक्षा जास्त सरकलेला दिसला किंवा टायमिंग आधीपेक्षा जास्त मागे येत असेल तर त्याच दिवशी स्टॉक एअरबॉक्स परत बसव, म्हणून तो फेकायचा नाही.