पृथ्वी फिरते, पण विमानाला उशीर तिच्यामुळे होत नाही

‘मुंबईहून न्यूयॉर्कला जायला 16 तास, परतायला 14. कारण पृथ्वी फिरते! जाताना विमान तिच्या उलट जातं, येताना तीच त्याला घेऊन येते. शिवाय कंपन्या सरळ न जाता उत्तरेकडून वळसा घालतात आणि त्याचं भाडं आपल्याकडून उकळतात.’ हे फॉरवर्ड तुमच्याही सोसायटीच्या ग्रुपवर आलं असेल. खाली अंगठे आणि नमस्कार.

तासांचे आकडे साधारण बरोबर आहेत. कारण मात्र सपशेल चुकलंय, आणि गंमत म्हणजे ते त्याच आकड्यांच्या विरोधात जातं. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. विमान खरंच तिच्यापासून सुटं असतं, तर न्यूयॉर्क आपणहून त्याच्याकडे सरकत आलं असतं. दोन शहरांच्या रेखांशांत साधारण 147 अंशांचा फरक. तासाला 15 अंश धरले तर मुंबईवर नुसतं तरंगत राहूनही दहा तासांच्या आत न्यूयॉर्कचं रेखावृत्त खाली यायला हवं. म्हणजे जातानाच कमी वेळ लागायला हवा!

तसं होत नाही, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते आणि विमान त्या हवेत असतं. धावत्या डेक्कन क्वीनमध्ये शेंगदाणा वर उडवा, तो तुमच्याच हातात पडतो, मागच्या डब्यात नाही.

मग दोन तास जातात कुठे? वाऱ्यात. नऊ ते बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट स्ट्रीम वाहतो, हिवाळ्यात कधी ताशी 300 किलोमीटरच्याही वर. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीवर असतो. (या वाऱ्यांची दिशा ठरण्यात पृथ्वीच्या फिरण्याचा वाटा आहे, फॉरवर्डमध्ये सत्याचा कण असलाच तर एवढाच.) ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पूर्वेकडून, पॅसिफिकवरून नेलं. अंतर हजाराहून जास्त किलोमीटरने वाढलं, सुमारे 15,300 झालं, तरी ते साडेचौदा तासांत पोचलं, नेहमीपेक्षा लवकर. लांबचा रस्ता, पण वारा पाठीशी.

आता ‘वळसा’. माळ्यावरून लेकीचा शाळेतला पृथ्वीगोल काढला आणि मुंबई ते न्यूयॉर्क सुतळी ताणून धरली. ती आखातावरून जातच नाही. मॉस्कोच्या आसपास, नॉर्वेवरून, आइसलँडला लागून, ग्रीनलँडच्या दक्षिण टोकाजवळून उतरते. हा सुमारे 12,500 किलोमीटरचा रस्ता सगळ्यात जवळचा. भिंतीवरच्या मर्केटर नकाशावर (म्हणजे गोल पृथ्वी चौकोनी कागदावर ताणून बसवलेल्या नेहमीच्या नकाशावर) पट्टीने मारलेली ‘सरळ’ रेघ प्रत्यक्षात 14,000 किलोमीटरच्या वर जाते. म्हणजे वळसा त्या रेघेत आहे, वैमानिकाच्या डोक्यात नाही.

खरा वळसाही कधीकधी पडतो, पण त्याची कारणं जमिनीवरची असतात. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपली हवाई हद्द भारतीय कंपन्यांना बंद केली, तेव्हा पश्चिमेला जाणाऱ्या त्यांच्या विमानांना दक्षिणेकडून फिरून जावं लागलं. जादा इंधनाचा भुर्दंड आधी कंपन्यांच्याच खिशाला पडला.