क्रौंच झाडावर कसा बसेल?

हिरोशिगे या जपानी चित्रकाराच्या लाकडी ठशांनी छापलेल्या चित्रांवरचा लेख छान, पण त्याची पक्षी-फुलांची चित्रं म्हणजे 'निसर्गाची हुबेहूब नोंद' हे लेखातलं म्हणणं काही पटलं नाही. यातल्या बऱ्याच जोड्या जुन्या कवितेतून ठरून आलेल्या: प्लमचा बहर आणि उगुइसु (जपानमधला एक छोटा गाणारा पक्षी), बांबू आणि चिमणी, पाइन आणि क्रौंच. आता जपानी क्रौंच हा दलदलीतला पक्षी. त्याच्या पायाचं मागचं बोट इतकं आखूड आणि वर असतं की फांदी पकडताच येत नाही. तरी जपानी चित्रांत स्वारी खुशाल पाइनवर! उगुइसुही प्रत्यक्षात मातकट, पण रंगवताना पुष्कळदा हिरवागार, म्हणजे थेट आपल्या चष्मेवाला पक्ष्याच्या जातकुळीतला.

निरीक्षणच हवं असेल तर अशीच ठशांची चित्रं करणारा जपानी चित्रकार ओहारा कोसोन (१८७७–१९४५) बघा. त्याच्या काही छापांत बगळ्याची पांढरी पिसं शाई न लावता, नुसत्या ठशाच्या दाबाने कागदावर उठवलेली आहेत. कागद तिरक्या उजेडात धरला की एकेक पीस दिसतं. मोबाइलवर ही गंमत साफ जाते. आणि ही करामत ठसे कोरणाऱ्या व छापणाऱ्या कारागिरांची. लेखात त्यांचा साधा उल्लेखही नसावा?