लॉबीवरच्या तुमच्या दोन स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला, परत सकाळी वाचला. पर्वरीच्या तुमच्या सोसायटीची लॉबी आणि क्लबहाऊस आम्ही केलं, त्यावर तुमचं म्हणणं असं की लॉबी मातकट आणि आजोळच्या जुन्या घरासारखी दिसते, नव्या बिल्डिंगांत सगळीकडे पांढरं मार्बल आणि सोनेरी पट्ट्या असतात ते इथे नाही, फरशी खरखरीत आहे पुसली जात नाही, शिंपल्यांची जाळी दाखवून काच लावली, अर्धं क्लबहाऊस काचेच्या खोल्यांत घालवलं, हॉलमध्ये आवाज घुमतो, आणि काम पाच आठवडे उशिरा दिलं. तुम्ही सगळ्यांसमोर लिहिलंत म्हणून मी पण इथेच लिहितो.

आधी हॉलचं, कारण त्यात तुम्ही शंभर टक्के बरोबर आहात. चवथीला सोसायटीचा गणपती हॉलमध्ये बसवला, घुमट आणि शामेळ ही आपली वाद्यं सुरू झाली आणि आरतीचा एक शब्द कळेना, हे मला कमिटीच्या एका मेंबरने फोनवर सांगितलं होतं. मी नंतर येऊन टाळी वाजवून बघितली, आवाज विरायला दोन सेकंदांच्या आसपास लागतात, बोलणं नीट कळायचं तर हे एका सेकंदाच्या आत पाहिजे. खाली टाइल, दोन बाजूंना काच, वर उंच सपाट स्लॅब, आवाज शोषणारं काहीच नाही. ड्रॉइंगमध्ये छताला फेल्टचे पॅनल होते, बजेट कमी करताना ते काढले गेले, पण ते काढले तर काय होईल हे मी मीटिंगमध्ये ठामपणे सांगायला पाहिजे होतं आणि मी सांगितलं नाही. ती चूक माझी. पॅनल आता आमच्या खर्चाने लागतील, 25 मिलिमीटरचे, आणि स्लॅबला चिकटवून नाही तर मागे 50 मिलिमीटर जागा सोडून, म्हणजे घुमटासारखा खालचा जाड आवाजसुद्धा थोडा जास्त शोषला जातो.

आता फरशी आणि मार्बल. ताई, ह्यावर मी मागे हटणार नाही, का ते सांगतो. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर ह्या चार महिन्यांत. तुमच्या गेटच्या बाहेर लाल माती, वर हायवेच्या उड्डाणपुलाच्या कामाची धूळ, आणि ओल्या चपलांनी माणसं सरळ लॉबीत येतात. पॉलिश केलेल्या पांढऱ्या मार्बलवर पाणी पडलं की ते काचेसारखं होतं, आणि आपल्या मातीत लोह आहे, त्याचा तांबूस डाग मार्बलमध्ये मुरला की घासून जात नाही. त्यात हाउसकीपिंगवाल्यांनी एकदा ॲसिड मारलं की चमक गेलीच, कारण मार्बल म्हणजे चुनखडीच, आंबटाने सुद्धा तो खाल्ला जातो. म्हणून आम्ही मॅट टाइल घेतली, घसरण्याच्या टेस्टमध्ये R11 वाली, R9 पासून R13 पर्यंत हे माप जातं, आकडा मोठा तितकी फरशी कमी घसरते. तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय की तुमच्या आई काठी घेऊन चालतात. ती फरशी निवडताना आमच्या डोळ्यांसमोर अशीच माणसं होती, रॅम्प पण त्यासाठीच 1:12 चा ठेवला, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, जागा खूप गेली त्यात, पण त्याहून उभ्या रॅम्पवर व्हीलचेअर चढवणं फार जड जातं.

पुसली जात नाही हे मात्र खरं आहे आणि तिथे आमचं काम अपुरं राहिलं. मॅट टाइल फिनाईलच्या पोछ्याने पुसली की वर चिकट थर बसतो आणि धूळ त्यालाच धरते. तिला ब्रश आणि साधं न्यूट्रल क्लीनर लागतं, मग स्वच्छ पाण्याचा एक हात. चावी देताना हे सफाईवाल्या बायकांना प्रत्यक्ष करून दाखवायला पाहिजे होतं, आम्ही फाइलमध्ये एक कागद लावून मोकळे झालो. शनिवारी आमचा माणूस येऊन एकदा पूर्ण फरशी धुऊन देईल आणि दाखवेल.

सोनेरी पट्ट्यांचं पण तसंच, त्या बहुतेक वेळा 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलवर रंगाचा थर चढवलेल्या असतात आणि खाऱ्या हवेत वर्षा-दोन वर्षांत त्यावर तांबूस ठिपके दिसायला लागतात. तुमची रेलिंग आणि पत्रपेट्यांची चौकट आम्ही 316 ग्रेडची केली, त्यात मॉलिब्डेनम हा धातू असतो, खाऱ्या हवेत ते जास्त टिकतं. महाग पडलं, दिसत काही नाही, पण पैसा तिथे गेलाय. रिसेप्शनच्या मागचं प्लायवूड पण साधं नाही, IS 710 मरीन ग्रेड आहे, त्याचा नमुना 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. साधं एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड, घातलं असतं तर पहिल्याच पावसात कडा फुगून दारं अडकली असती, मी हे दुसऱ्यांच्या कामांत इतक्यांदा बघितलंय की आता ते मी कुणालाच लावून देत नाही.

रंगाबद्दल थोडंच. पांढरा-करडा-सोनेरी हा काळ ओसरत चाललाय, हॉटेलं, ऑफिसं, बिल्डिंगच्या लॉब्या सगळीकडे मातीचे, कॉफीचे, विटेचे रंग येतायत, रंगांचे नमुने ठरवणाऱ्या पँटोन कंपनीने 2025 साठी निवडलेला रंग पण मोका मूस म्हणजे कॉफीसारखा तपकिरीच होता. पण मी तो रंग तेवढ्यासाठी निवडला नाही. भिंतीला चुन्याचं फिनिश आहे, चुना ओल बाहेर सोडतो आणि बुरशीला सहजासहजी धरू देत नाही, आणि मातकट छटा त्यात छान बसते. आजोळच्या घरासारखी दिसते असं तुम्ही तक्रार म्हणून लिहिलंत. दारापाशी आम्ही सोपो, म्हणजे बसायचा बांधीव कट्टा, बांधलाय, जुन्या घरांच्या बलकांवात, म्हणजे दारापुढच्या ओसरीत, असतो तसा, कारण लिफ्टची, मुलांच्या स्कूल बसची, रिक्षाची वाट बघत माणसं उभी राहतात, आणि सोफा ठेवला तर त्यावर ओल्या छत्रीने कुणी बसत नाही. मी दोनदा संध्याकाळी येऊन गेलो, दोन्ही वेळा तिथे म्हातारी माणसं गप्पा मारत बसलेली होती. ते बघून मला फार बरं वाटलं.

शिंपल्यांची जाळी. ती काचच आहे, दुधी काच. जुन्या घरांच्या खिडक्यांना जे पातळ चकचकीत शिंपले असतात ते वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात, वास्कोजवळच्या चिखलीच्या खाडीत ते अजून आहेत आणि गावच्या लोकांनी त्यांच्यासाठी आवाज उठवलाय. मी लॉबी सजवायला ते विकत घेणार नाही. पण प्रेझेंटेशनमध्ये आम्ही फोटो खऱ्या शिंपल्यांच्या खिडकीचा लावला आणि खाली बारीक अक्षरात काच लिहिलं, हे बरोबर नव्हतं, तुम्ही फसल्यासारखं वाटून घेतलंत त्यात तुमची चूक नाही. पुढच्या कामांत जे लावणार त्याचाच फोटो जाईल.

काचेच्या खोल्या. जिम लहान का आणि ह्या तीन खोल्या का, असं तुम्ही विचारलंत. सोसायटीत आधी फॉर्म फिरवला होता, त्यात घरून काम करणाऱ्यांनी सगळ्यात जास्त मागितलेली गोष्ट हीच होती, दार लावून कॉल घ्यायला जागा. 2020 नंतर मुंबई-पुणे-बेंगळुरूहून येऊन इथे फ्लॅट घेतलेली किंवा भाड्याने राहणारी बरीच माणसं आहेत, आणि आपली इथलीच पोरं पण दोन बेडरूमच्या घरात आईबाबा टीव्ही बघत असताना मीटिंग कुठे घेणार. पणजीत पाटोला आम्ही एक ऑफिस करतोय तिथे उलटं चाललंय, ठरलेली टेबलं कमी करून घरच्यासारख्या बैठका आणि फोनसाठी छोट्या खोल्या मागतात. ऑफिस घरासारखं होतंय आणि बिल्डिंगमध्ये ऑफिस शिरतंय, दोन्हीकडे काम करताना हे मला रोज दिसतं. संध्याकाळी सहानंतर मधलं पार्टिशन सरकवून दोन खोल्या एक होतात, तिथे ट्यूशन किंवा योगा होऊ शकतो, टेबलांना चाकं आहेत. हे कुणी वापरताना दिसलं नाही, बहुतेक सांगितलंच गेलं नाही, त्याची सूचना लिफ्टपाशी लावायला कमिटीला विनंती करतो.

उशीर झाला तो पॉलिशमुळे. जुलैत पॉलिश मारलं, हवेतल्या ओलीने लाकडावर पांढरट ढग उठले, ते सगळं खरवडून पाऊस उघडेपर्यंत थांबलो. थांबणं बरोबर होतं, न कळवणं चुकलं.

पॅनल येत्या महिन्यात लागतील, तारीख कमिटीला लेखी दिलीय. शनिवारी चार वाजता मी स्वतः पण असेन. जमलं तर आईंना घेऊन खाली या, रॅम्पची रेलिंग त्यांच्या हाताला उंच पडतेय का ते त्यांना धरायला लावूनच बघायचंय, पडत असेल तर खालून दुसरा पाइप घालून देतो.