‘दोन फटके द्या, डिप्रेशन पळून जाईल’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज सतत फिरतो. सांगणं असं: आमच्या वेळी असली थेरं नव्हती, दोन फटक्यांत काम व्हायचं, समुपदेशक नुसत्या गप्पांचे पैसे घेतात, डॉक्टरकडे नेलं की गोळ्या जन्माच्या चिकटतात, आणि मुलांपुढे आत्महत्येचा विषय काढू नका, नसलेलं डोक्यात शिरतं. मी शाळेत समुपदेशक आहे. असल्या मेसेजवर विश्वास ठेवून लोक मुलांना फार उशिरा आणतात, म्हणून हे लिहिते आहे.

‘आमच्या वेळी नव्हतं.’ होतं. मुंबईत आजच्या ‘टिस’ने, म्हणजे तेव्हाच्या सर दोराबजी टाटा समाजकार्य संस्थेने, मुलांसाठी बालमार्गदर्शन केंद्र काढलं ते १९३७ साली. गरज नसती तर काढलं असतं का? ‘निमहान्स’ या बंगळुरूच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या २०१५-१६च्या राष्ट्रीय पाहणीत १३ ते १७ वयाच्या ७.३ टक्के मुलांना मानसिक आजार आढळला. पन्नासच्या वर्गात तीन-चार मुलं झाली ही.

फटक्यांबद्दल फार बोलायची गरज नाही. शाळेत ते २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने बंद केले आहेत. घरी मार खाल्लेलं मूल रडणं थांबवतं, पण त्याचबरोबर सांगणंही थांबवतं.

‘नुसत्या गप्पा.’ सातवीतला मुलगा, दर सोमवारी पोटात दुखतं. सोनोग्राफी झाली, रिपोर्ट नॉर्मल. खोदून विचारल्यावर कळतं, त्या दिवशी मराठीच्या तासाला उभं राहून वाचावं लागतं. घरी राहिला की लगेच बरं वाटतं, आणि तिथेच गोम आहे: सुटका झाली की पुढच्या सोमवारी भीती वाढते. मग आम्ही त्याच्यासोबत पायऱ्या आखतो. आधी गणवेश घालून फाटकापर्यंत यायचं. मग एक तास ग्रंथालयात बसायचं. मग वर्गात, दाराजवळच्या बाकावर. मग एका मित्राला वाचून दाखवायचं, आणि पूर्ण वर्गासमोर अगदी शेवटी. दर पायरीला भीतीला दहापैकी गुण द्यायचे आणि ती उतरेपर्यंत तिथेच थांबायचं. हा सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलण्याच्या उपचाराचा (कॉग्निटिव्ह बिहेवियरल थेरपी), भाग आहे. यातलं अर्धं काम आईवडिलांचं असतं, कारण ‘आज राहू दे’ म्हणण्याचा मोह त्यांनाच आवरावा लागतो. पाच वर्षांच्या मुलीला मनातलं बोलून सांगता येत नाही, म्हणून तिच्याशी खेळातून काम होतं. आणि मूल फार आक्रस्ताळं असेल तर बरेचदा प्रशिक्षण पालकांनाच दिलं जातं.

‘गोळ्या चिकटतात.’ समुपदेशकाला औषध लिहिताच येत नाही, ते मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर लिहितात. सौम्य नैराश्यात सहसा आधी बोलण्याचेच उपचार करतात. मध्यम-तीव्र नैराश्य असलेल्या १२ ते १७ वयाच्या ४३९ मुलांवर अमेरिकेत अभ्यास झाला, त्याचे निष्कर्ष २००४ साली आले. बारा आठवड्यांनी सीबीटी आणि फ्लुओक्सेटिन ही नैराश्यावरची गोळी दोन्ही मिळालेल्यांत ७१ टक्के मुलं सुधारली. नुसत्या गोळीने ६१, नुसत्या सीबीटीने ४३, खोट्या गोळीने ३५. तेव्हा गोळीला शत्रू ठरवणं चूक आहे. मात्र पालकांच्या भीतीत तथ्य आहे, तेही सांगते: सुरुवातीच्या आठवड्यांत काही मुलांच्या मनात आत्महत्येचे विचार वाढू शकतात. म्हणून तेव्हा वरचेवर तपासणी हवी, आणि गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही. खर्चाची चिंता असेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार ओपीडी असते.

‘विचारू नका.’ या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. न्यूयॉर्क राज्यातल्या सहा शाळांमधल्या दोन हजारांहून जास्त विद्यार्थ्यांवर हे तपासलं गेलं आणि २००५ साली प्रसिद्ध झालं: विचारल्याने मुलांचा त्रास किंवा असे विचार वाढले नाहीत. तेव्हा शांतपणे, सरळ विचारा: ‘जगणं नकोसं वाटतं का रे? मरून जावं असं मनात येतं का?’ उत्तर ‘हो’ आलं तर ओरडू नका, शपथा घालू नका. त्याला एकटं सोडू नका, घरातली औषधं आणि कीटकनाशकं कुलपात ठेवा, आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. रात्र असेल तर १४४१६ लावा. ही सरकारची टेलिमानस सेवा आहे, फुकट, चोवीस तास, आणि मराठीत बोलता येतं.