‘पहिल्याच लढतीत म्हैसूर बुडाली’ या अभिप्रायाला दुकानाकडून उत्तर

नमस्कार,

तुम्ही मराठीत लिहिलंत, म्हणून उत्तरही मराठीतच देतो. तुम्ही दोन तारे दिलेत आणि तक्रारी स्पष्ट मांडल्यात. रिमोटवर चालणाऱ्या आणि एकमेकींवर छर्रे झाडणाऱ्या छोट्या युद्धनौकांच्या खेळासाठी आमच्याकडून घेतलेली ‘म्हैसूर’ ही क्रूझर (मध्यम आकाराची युद्धनौका) पहिल्याच लढतीत सात मिनिटांत बुडाली. आत शिरलेलं पाणी बाहेर फेकणारा पंप ऐन वेळी बंद पडला. रिमोटचे संदेश घेणारा रिसीव्हर कायमचा गेला. तीन जुने खेळाडू तुमच्या तेरा वर्षांच्या लेकीवर एकदम तुटून पडले. आणि नवशिक्याला न झेपणारं जहाज आम्ही तुमच्या गळ्यात मारलं. हे सगळं नाशिकहून आलेल्या तुमच्या वडिलांच्या डोळ्यांदेखत घडलं. ते वाक्य वाचल्यावर दुकान बंद करूनही मी बराच वेळ काउंटरवरच बसून होतो.

आधी पंपाबद्दल, कारण तो दोष पूर्णपणे आमचा आहे. या खेळात जहाजाच्या बाजू मुद्दाम बाल्साच्या (एका हलक्या, मऊ लाकडाच्या) पातळ पट्ट्यांनी मढवतात. तुमच्या जहाजाला इंचाच्या बत्तिसाव्या भागाचा, म्हणजे जेमतेम ०.८ मिलिमीटरचा बाल्सा आहे. छर्रा आरपार जातो तेव्हा लाकडाच्या बारीक ढलप्या आत पडतात आणि पाण्याबरोबर वाहत पंपाच्या तोंडाशी जमतात. बोट वर काढल्यावर मी पंप उघडला, तर पात्यात अशीच एक ढलपी अडकली होती. ती अडवायला पंपाभोवती जाळी लावायची असते. जाळी खोक्यात होती, पण ती कशासाठी आणि कुठे लावायची हे आमच्या माहितीपत्रकात एका ओळीनेही लिहिलेलं नव्हतं. मी पंधरा वर्षं हे करतोय. माझ्या हाताला सवय झालेली गोष्ट पहिल्यांदा खोकं उघडणाऱ्याला कशी कळावी? पत्रक या आठवड्यात बदललं. आधी जाळीशिवाय बांधून गेलेल्या सगळ्या जहाजांच्या मालकांना फोन करतोय.

पंप बंद पडूनही बोट एकूण सात मिनिटं तरली, याचंच मला आश्चर्य वाटतं. पाण्याखाली ३ सेंटीमीटरवर छर्र्याचं एक भोक पडलं, तर त्यातून मिनिटाला अंदाजे ४०० मिलिलिटर पाणी आत येतं. तुमच्या बोटीला अशी चार भोकं होती. मी स्वतः मोजली: पाण्याच्या रेघेच्या वर नऊ, नेमकी रेघेवर दोन आणि रेघेखाली चार. आमच्या नियमांत वरच्या भोकाला १०, रेघेवरच्याला २५ आणि खालच्याला ५० गुण आहेत, म्हणजे समोरच्यांना नुसत्या भोकांचे ३४० गुण मिळाले. जुने खेळाडू खालीच नेम का धरतात, ते यावरून लक्षात येईल.

आता जहाजाच्या निवडीबद्दल, आणि इथे मला थोडं लांबण लावावं लागेल.

तुम्ही दुकानात आलात तेव्हा बाबांचा फोटो दाखवलात, पांढऱ्या गणवेशातला, आयएनएस म्हैसूरच्या डेकवरचा. ते १९७१ मध्ये तिच्यावर होते, ती तेव्हा पश्चिम ताफ्याची ध्वजनौका होती. माझं बालपण मडगावात गेलं. १९६१ च्या डिसेंबरात अंजदीव बेटावरच्या कारवाईत म्हैसूर होती, हे आमच्या घरात अनेकदा ऐकलेलं. तुमच्या लेकीने विचारलं, ‘आजोबांची बोट करता येईल?’ नियम विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यातल्या युद्धनौकांचे, त्यामुळे भारतीय नौदलाची जहाजं सहसा बसत नाहीत. पण म्हैसूर बसते. १९५७ मध्ये आपल्याकडे येण्याआधी ती ब्रिटिशांची एचएमएस नायजेरिया होती, १९३९ मध्ये पाण्यात उतरलेली. मी उत्साहाने ‘हो’ म्हटलं. तिथे मी थांबायला हवं होतं, निदान पुढचं सगळं सांगायला हवं होतं.

हा खेळ १९७० च्या दशकाच्या अखेरीस इथे टेक्सासमध्ये सुरू झाला आणि तेव्हापासून मोजमाप १:१४४ आहे. लांबी १४४ ने भागायची, पण वजन भागायचं ते १४४ च्या घनाने, म्हणजे जवळजवळ ३० लाखांनी. नवखा माणूस लांबी बघून जहाज निवडतो आणि तिथेच फसतो. नायजेरिया भागून १.१८ मीटरची होते. जर्मनांची पहिल्या महायुद्धातली बॅटलक्रूझर फॉन डेर टान १.१९ मीटरची. शेल्फवर शेजारी ठेवली तर जुळी वाटतात. पण नायजेरियाची रुंदी १३ सेंटीमीटर आणि भरल्यावरचं वजन पावणेचार किलोच्या आसपास. फॉन डेर टान साडेअठरा सेंटीमीटर रुंद आणि भरल्यावर सुमारे सात किलोंची. बॅटरी, गॅसचा सिलिंडर, तोफा, पंप, रेडिओ हे सगळं बसवून वजन खाली ठेवायला तिच्यात जागा उरते. अरुंद क्रूझरमध्ये प्रत्येक वस्तू कुठे ठेवायची यावर झगडावं लागतं. त्यातच आत पाणी शिरलं की वळताना ते सगळं एका बाजूला धावतं आणि बोट कलंडते. तुमच्या लेकीची बोट अशीच गेली: तिने सुटण्यासाठी जोरात डावीकडे वळवली आणि आतलं पाणी उजवीकडे गेलं. तिचा हात चुकला नाही. त्या क्षणी कोणीही तेच केलं असतं. आत पाणी असताना हळू वळायचं असतं, हे तिला कोणी सांगितलंच नव्हतं.

डिस्ट्रॉयर मागणारे तर दर महिन्याला येतात, लहान म्हणून स्वस्त आणि सोपी असेल या समजुतीने. अमेरिकेची फ्लेचर वर्गाची डिस्ट्रॉयर ८० सेंटीमीटरची होते, पण एक किलोसुद्धा भरत नाही. तिच्यात तोफ आणि पंप बसवणं हे मुरलेल्या कारागिराचं काम. त्यांना मी सरळ नाही म्हणतो. तुम्हाला म्हटलं नाही, कारण तो फोटो पाहून माझं मन गुंतलं. ‘नवशिक्यांसाठी योग्य’ हे शब्द माझेच होते आणि ते चुकीचे होते.

तीन खेळाडूंबद्दल मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. लढतीत दोन ताफे असतात आणि ते तिघे समोरच्या ताफ्यातले होते. एकट्या पडलेल्या जहाजाला घेरणं हा या खेळाचा गाभा आहे, आणि तेरा वर्षांची मुलगी म्हणून तिला सूट दिली असती तर तो तिचाच अपमान ठरला असता. तिला एकटं पडू दिलं ते आम्ही, तिच्या ताफ्यातल्यांनी. मी तळ्याच्या दुसऱ्या टोकाला दुसऱ्याच जहाजामागे होतो. शिवाय तिने एका तोफेचे पन्नासच्या पन्नास छर्रे पहिल्या दोन मिनिटांत संपवले. छर्रे संपले की ‘पाच’ पुकारायचं आणि पुढची पाच मिनिटं तग धरायची, मगच बोट बाहेर काढता येते. म्हणून थोडे छर्रे राखून ठेवायचे असतात. हेही तिला आधी सांगायला हवं होतं.

छर्र्यांनी इजा होईल ही तुमची काळजी रास्त आहे. गॅसचा दाब १५० पीएसआयच्या वर नेता येत नाही, किनाऱ्यावर तोफा बंद ठेवाव्या लागतात आणि तळ्याकाठी प्रत्येकाला, बघ्यांनाही, संरक्षक चष्मा सक्तीचा असतो. तुमच्या बाबांचा चष्मा नाकावरून घसरत होता. त्यांच्या मापाचा मी आणून ठेवलाय.

रिसीव्हर मी बदलून देतो, पैसे नकोत. बाल्सा नव्याने लावून देतो, तोही मोफत. पण ते काम माझ्या टेबलावर तुमच्या लेकीने करावं, मी शेजारी बसेन. भोकांवर टिश्यू आणि डोप (कागद घट्ट करून पाणबंद करणारा द्रव) लावणं, तळाशी पाणी पंपाकडे नेणारी पन्हळ तपासणं, रिसीव्हर पाणबंद डबीत घालणं, हे एका शनिवारात जमतं. तोवर पुढच्या दोन लढतींना तिने माझी फॉन डेर टान चालवावी. ती अनेकदा बुडाली आहे, आणखी बुडाली तरी चालेल. त्यानंतरही क्रूझर नको वाटली तर संपूर्ण रक्कम परत करतो.

आणि म्हैसूर आपल्याकडे आली तेव्हा तिच्यावर सहा इंची तोफांचे तीनच बुरूज होते. मी चार बसवले, कारण माझ्याकडचा नकाशा युद्धाआधीचा होता. बाबांनी तळ्यावर ते लगेच ओळखलं, पण संकोचाने बोलले नाहीत, असं तुमच्या लेकीने मला सांगितलं. येत्या शनिवारी त्यांनाही घेऊन या. कुठला बुरूज काढायचा ते त्यांनीच दाखवावं.